उलट्या कडीचा बिल्ला

मित्रांनो, मी शौर्य, त्याग आणि अढळ कर्तव्यनिष्ठा यांचे चिरंतन प्रतीक आहे. हे माझे म्हणणे नाही. मला ज्या दिवशी वाटण्यात आले त्या दिवशीच्या भाषणात नगराध्यक्ष तसे म्हणाले होते. मी तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात एकशे एकोणीस भावंडांखाली दबून पडलो होतो, त्यामुळे सगळे नीट ऐकू आले नाही. पण 'चिरंतन' हा शब्द चारदा आला एवढे आठवते. भाषण संपल्यावर खोके उघडले आणि पहिल्या रांगेतल्या तिघांनी दोन-दोन प्रतीके उचलली.

लोक मला पदक म्हणतात. व्याकरणात पदक नपुंसकलिंगी आहे आणि आयुष्यभर तसे बोलत राहणे मला जमणारे नाही. ज्या घरात मी पहिल्यांदा गेलो तिथे मला बिल्ला म्हणत. तेव्हा मी एक जुना पितळी बिल्ला आहे असे धरून चालू.

मी कशाचा बिल्ला, ते सांगतो. गावात एक मनोरा होता आणि मनोऱ्यावर एक मोठी घंटा होती. पहाटे पाचला ती वाजली की गाव उठे. सातला वाजली की कारखाने सुरू होत, बाराला जेवण, सहाला सुट्टी. लोकांकडे घड्याळे होती, पण ती या घंटेवर लावलेली होती. मग विजेचा भोंगा आला. घंटेला समारंभाने निरोप द्यावा आणि निरोपाची आठवण म्हणून बिल्ले वाटावेत असा ठराव झाला. म्हणजे मी घंटा बंद पडल्याचा स्मृतिबिल्ला आहे. ती चालू होती तोवर तिच्यासाठी कोणी काही वाटले नव्हते.

माझा जन्म एका लांबट, धुरकट खोलीत झाला. तिथे एरवी पेट्यांची कुलपे आणि कोटांची बटणे होत. ठसेकार म्हातारा होता आणि त्याला दिलेला वेळ थोडा होता. त्याने पोलादाच्या ठशावर एक घंटा कोरली. घंटेचे तोंड खाली, आणि तोंडातून लोलकाचा गोळा जरासा डोकावणारा. तिच्या माथ्यावरून एक दोरी निघते, तिला दीड वेढा घालते आणि संपते. दोरीच्या टोकाला गाठ आहे. घंटेच्या वर कारखान्यांच्या धुराच्या तीन नागमोडी रेघा आहेत. अक्षर एकही नाही. अक्षरे हवी असतील तर आणखी आठवडा लागेल, असे ठसेकाराने कळवले होते, आणि समारंभ शुक्रवारी होता. मागची बाजू कोरी ठेवली. ज्याला बिल्ला मिळेल त्याने आपले नाव सवडीने कोरून घ्यावे, असे ठरले. माझी मागची बाजू अजून कोरी आहे.

भोंगा बसवायला मनोऱ्यावर जागा तीच होती, म्हणून घंटा माझ्या जन्माआधी पंधरा दिवस खाली उतरवली. त्यामुळे माझ्या अंगावर घंटा आहे आणि मी तिचा आवाज कधी ऐकलेला नाही. आईचा फोटो उराशी असावा आणि आईची हाक कानी पडलेली नसावी, तसे हे आहे. या एका गोष्टीची मला जन्मभर ओढ लागून राहिली. बाकी मी काही मागितले नाही.

छाप पडल्यावर आम्हांला कड्या लावायचे काम डाखवाल्याकडे आले. तो शेगडीशेजारी मांडी घालून बसे, भाजक्या मातीच्या ताटलीत एकेक बिल्ला ठेवी, घंटेच्या माथ्याशी कडी टेकवी, डाख वितळवी आणि चिकटवी. एकशे एकोणीस नग बिनचूक झाले. मी शेवटचा. कडी टेकली, डाख पातळ झाला आणि नेमकी त्याच क्षणी मनोऱ्यावर भोंग्याची पहिली चाचणी झाली. तोवर गावात कोणी तसला आवाज ऐकला नव्हता. डाखवाला बसल्या जागी वीतभर उडाला. मी ताटलीत अर्धा फिरलो. त्याने हात सावरला, कडी टेकवली आणि ती घंटेच्या माथ्याऐवजी तोंडाशी बसली.

"हात्तिच्या," डाखवाला म्हणाला. त्याने मला फडक्याने पुसले आणि खोक्याच्या तळाशी टाकले. त्याच्या हातून चुकलेला हा एकच डाख. साठ वर्षे झाली, तो तसूभर हललेला नाही.

तेव्हापासून मला कडीने उचलले की माझ्यावरची घंटा उलटी होते. मित्रांनो, घंटा उलटी केली की प्याला होतो. प्याल्याला दीड वेढा घातलेली दोरी साप दिसते, आणि टोकाची गाठ सापाचे डोके. प्याल्यातून लोलकाचा गोळा वर येतो. धुराच्या रेघा प्याल्याखाली जातात आणि पाण्याच्या लाटा होतात. एवढे सगळे एका कडीने होते. माझे आयुष्य त्या कडीवर टांगलेले आहे.

समारंभात घंटेवाला सर्वांत मागे उभा होता. सव्वीस वर्षे दोरी ओढणारा माणूस तो. त्याला कोणी बोलावले नव्हते, पण गेल्या सव्वीस वर्षांत मनोऱ्याखाली काही घडले आणि तो तिथे नव्हता असे झाले नव्हते. सगळे बिल्ले संपले, खोक्यात मी उरलो. नगरपालिकेच्या कारकुनाने मला निरखून पाहिले, इकडेतिकडे पाहिले आणि सरळ मागे जाऊन मला घंटेवाल्याच्या शर्टाला टाचले. टाळ्या तोवर संपल्या होत्या. मी त्याच्याच वाट्याला का आलो, याचे कारण मला साठ वर्षांनी कळले. ते त्याच्या जागी सांगेन.

घरी गेल्यावर त्याच्या बायकोने मला हातात घेतले.

"अहो, हे उलटं लावलंय."

"बरोबर लावलंय," घंटेवाला म्हणाला. "काम संपलं की भांडं पालथं घालतात. हिचं मुळात पालथंच होतं, म्हणून उताणी केली."

"थट्टा सुचतेय तुम्हांला."

"दुसरं काय सुचणार. भोंग्याला दोरी नाही."

त्यांना चार वर्षांची मुलगी होती. तिचे नाव काहीतरी चांगले ठेवले होते, पण बाप तिला 'पावणेपाच' म्हणे. तान्ही असताना ती रोज पावणेपाचला रडून उठे, बरोबर बापाची मनोऱ्याकडे निघायची वेळ. "गावाला मी उठवतो आणि मला ही उठवते," असे तो सांगे. मीही तिला पावणेपाचच म्हणणार आहे. ती आता चौसष्ट वर्षांची आहे.

भोंग्याला माणूस लागत नाही. बटण लागते, आणि ते कारखान्याचा पहारेकरी जाता जाता दाबत असे. घंटेवाला मिळेल ते काम करू लागला. पण पहाटे तो पायरीवर येऊन बसे. पाच वाजायला आले की त्याचा उजवा हात आपोआप वर जाई, मूठ वळे आणि हवेतली दोरी खाली ओढली जाई. मग भोंगा वाजे.

"हात खाली घ्या हो. लोक बघतात," बायको म्हणे.

"हाताला सांगून झालंय. ऐकत नाही."

कधी तो मला खिळ्यावरून काढी, कडी खाली करून तळव्यावर ठेवी आणि पावणेपाचला दाखवी. ही घंटा, ही दोरी, इथे मी उभा राहायचो. पण चार वर्षांच्या मुलीला माझ्यापेक्षा त्याचा तळवा आवडे. दोरीने त्याची कातडी लाकडासारखी झाली होती. ती त्यावर नखाने टकटक करी आणि तो "कोण आहे?" म्हणे. मग ती दोघे हसत. मी मध्ये सरळ पडलेला असे. माझ्या आयुष्यात मी सरळ होतो ते तेवढेच दिवस.

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवे. एके दिवशी नळावर कोणीतरी घंटेवाल्याच्या बायकोला विचारले, "हल्ली काय करतो गं तुझा नवरा?" तिने उत्तर द्यायच्या आत दुसरी म्हणाली, "घंटा." आणि सगळ्या बायका हसल्या. ज्या शब्दावर सव्वीस वर्षे घर चालले, त्या शब्दाचा अर्थ एका सकाळी 'काही नाही' असा झाला. घंटेवाल्याची बायको भरलेली कळशी घेऊन घरी आली आणि त्या दिवसापासून तिने तो शब्द घरातून काढून टाकला. नवरा होता तोवरही, आणि दोन वर्षांनी तो तापाने गेला त्यानंतरही. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी भोंगा वेळेवर वाजला.

पावणेपाच विचारी, "आई, बाबा काय करायचे?"

आई म्हणे, "तुझ्या बाबांनी हात लावला की गाव उठून बसायचं."

"म्हणजे काय करायचे?"

"एक दिवस उशीर नाही केला कधी. आजारी असले तरी जायचे. लोक वाट बघायचे त्यांची."

यात एक अक्षर खोटे नव्हते. खरे बोलून पोरीला इतके लांब पाठवता येते, हे मी तेव्हा खिळ्यावरून ऐकले. मला तोंड असते तर मी मध्ये बोललो असतो. पण माझ्या अंगावर तोंड आहे ते घंटेचे, आणि तेही उलटे.

पावणेपाच नऊ वर्षांची असताना आईही गेली. तिला दुसऱ्या गावी मामाने नेले. मी बटणांच्या डब्यात गेलो. मामा माणूस वाईट नव्हता. बहिणीने मरताना त्याच्याकडून वचन घेतले होते की पोरीला तो शब्द ऐकवायचा नाही, आणि त्याने ते पाळले. टोमणे मारायचा हक्क मात्र त्याने सोडला नव्हता. "तुझ्या बापाचा गावात मोठा आवाज होता," तो म्हणे, "दोन मैलांवर ऐकू जायचा." आणि मिशीत हसे. मोठा आवाज म्हणजे मोठा मान, असे पावणेपाच समजली. पोरक्या मुलीने दुसरे काय समजावे.

मामाच्या घराखाली औषधांचे दुकान होते. तिथला कंपाउंडर पावणेपाचला रिकाम्या बाटल्या धुवायला देई आणि बदल्यात खडीसाखर. ती अकरा वर्षांची असताना एकदा मला कडीला दोरा ओवून गळ्यात घालून खाली गेली. कंपाउंडरने मला पाहिले. मग मान वर करून स्वतःच्या दुकानाची पाटी पाहिली. पाटीवर प्याला होता आणि प्याल्याला साप होता.

"हे कुणाचं?"

"बाबांचं."

"काय करायचे बाबा?"

"त्यांनी हात लावला की गाव उठून बसायचं."

कंपाउंडरने हातातली बाटली खाली ठेवली. "आणि हात कसे होते त्यांचे? आठवतात?"

"कडक. लाकडासारखे."

"खलबत्त्याने होतात," तो स्वतःचा तळवा पुढे करत म्हणाला. "औषधं खलून खलून. पोरी, तुझे वडील आमच्यातले होते. ही बघ खूण. ही कुणालाही देत नाहीत."

त्याने मला तिच्या गळ्यातून काढून काउंटरवर ठेवले होते, कडी वर करून. तो एका बाजूला, ती त्याच्याच शेजारी. दोघांपैकी एक जण जरी काउंटरच्या पलीकडे असता तरी पुढचे सगळे टळले असते. पण पलीकडे वजनाचा काटा होता.

पावणेपाच त्या दिवशी दुकानातून वर आली ती वडील घेऊनच आली. जी मुलगी 'बाबा काय करायचे' म्हटल्यावर गप्प होत असे, ती आता शाळेत विचारायच्या आधी सांगू लागली. अभ्यासात ती वर आली. मोठी झाल्यावर नर्स झाली. का झालीस, असे मुलाखतीत विचारले तेव्हा तिने पर्समधून मला काढून टेबलावर ठेवले. समोर तिघे डॉक्टर बसले होते. मला वाटले, आता हे समोरून पाहणार. पण त्यांतल्या एकाने मला पटकन उचलले, कडीने धरले आणि "वा," म्हणाला.

चाळीस वर्षे तिने नोकरी केली. शेवटी ती मोठी सिस्टर झाली. मला तिने मखमलीची डबी केली होती आणि नव्या मुलींची तुकडी आली की डबी उघडून दाखवी. "माझे वडील वैद्यकीत होते. एक दिवस उशीर नाही केला त्यांनी." मुली माझ्याकडे आदराने पाहत. मित्रांनो, कौतुक कोणाला आवडत नाही. पण दुसऱ्याच्या नावाचे कौतुक म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा कोट. अंगावर दिसतो छान, आणि काखेत रोज काचतो. मी प्याला म्हणून चाळीस वर्षे नांदलो. एकदा तरी डबी हातातून पडावी आणि मी सरळ व्हावे, असे रोज वाटे. तिच्या हातून कधी काही पडत नसे. फार चांगली नर्स होती.

निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी तिला बातमी कळली की तिच्या जन्मगावच्या रुग्णालयाला शंभर वर्षे होत आहेत आणि तिथे सेवा केलेल्या जुन्या लोकांच्या नावांची संगमरवरी पाटी लागणार आहे. तिला न मुलेबाळे, न भाऊबहीण. वडिलांचे नाव कुठे लिहिलेले असावे, एवढीच तिची इच्छा होती. आपण गेल्यावर ते नाव उच्चारणारे कोणी उरणार नाही, हे तिला माहीत होते.

पुरावा भक्कम असावा म्हणून ती आधी इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेली. जुनी नाणी आणि पदके ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. लोक त्यांना नाणेसर म्हणत. नाणेसरांनी मला चिमट्याने कडीला धरले आणि भिंगातून वीस मिनिटे पाहिले.

"पदक ओळखायचं म्हणजे चिन्हं वाचायची, बाई. चिन्ह खोटं बोलत नाही. प्याला आणि सर्प, वैद्यक. यात वाद नाही. प्याल्यातून वर येणारा हा गोल म्हणजे औषधाची गोळी. खाली तीन लाटा. म्हणजे सागर."

"आमच्या गावाला समुद्र नाही, सर."

"किती लांब आहे?"

"चार दिवस लागायचे म्हणे."

"मग चार दिवस प्रवास करून जात असतील. साथीच्या वेळी. मागची बाजू कोरी आहे, याचा अर्थ काय?"

"काय?"

"प्रसिद्धीची हाव नव्हती."

पावणेपाचच्या डोळ्यांत पाणी आले. सरांनी दोन पानांचे प्रमाणपत्र लिहून दिले. त्याला त्यांनी 'सर्प, प्याला आणि सागर' असे शीर्षकही दिले, कारण ते छापायला पाठवायचे होते.

ते घेऊन ती पंचावन्न वर्षांनी गावी आली. रुग्णालयाच्या कचेरीत तिच्या वडिलांचे नाव सापडले नाही. डॉक्टरांत नाही, कंपाउंडरांत नाही, वॉर्डबॉयांतही नाही. तिथल्या माणसाने प्रमाणपत्र नीट वाचले, मग म्हणाला, "पदक नगरपालिकेनं दिलं असेल तर नोंद तिकडे असेल. आज चारपर्यंत नाव आलं तर पाटीवर घेता येईल. उद्या कोरणारा येतोय."

तेव्हा अडीच वाजले होते.

नगरपालिकेची जुनी दप्तरे तळमजल्यावरच्या खोलीत होती. मोठे टेबल, टेबलापलीकडे पन्नाशीची एक कारकून बाई, तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पावणेपाच धापा टाकत समोरच्या खुर्चीत बसली आणि डबी उघडून तिने मला टेबलावर ठेवले. कडी तिच्या दृष्टीने वर, पलीकडे. म्हणजे कारकून बाईच्या बाजूने पाहिले तर खाली.

बाईने मान वर न करता फॉर्म ओढला आणि माझ्याकडे एक नजर टाकून लिहायला लागली. "घंटेचं पदक, नग एक. काय हवंय, नोंद?"

"घंटेचं नाही हो. प्याला आहे तो. हा साप."

"साप?" बाईने चष्मा सावरला. "साप कसला, दोरी आहे. टोकाला गाठ दिसतेय की."

"आणि वर ही औषधाची गोळी."

"वर नाही, खाली. लोलक आहे तो, ताई."

"मोठ्या तज्ज्ञांनी लिहून दिलंय."

"दिलं असेल. ते तुमच्या बाजूला बसले असतील. या बरं जरा इकडे."

पावणेपाच उठली. गुडघ्यांमुळे तिला टेबलाला वळसा घालायला नऊ पावले लागली. मी टेबलावर निमूट पडून होतो. माझ्यासारख्याला दुसरे काही करता येत नाही, पण ती नऊ पावले मी मोजली. ती कारकून बाईच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली आणि तिने मला पाहिले.

मग ती वाकली आणि दोरीच्या टोकाची गाठ न्याहाळू लागली.

"मनोऱ्याची घंटा आहे ही," बाई म्हणाली. "भोंगा यायच्या आधीची. माझी आजी सांगायची, पाचची घंटा झाली की चूल पेटायची सगळ्यांची."

"कितीची?"

"पाचची."

"मला पावणेपाच म्हणायचे," पावणेपाच म्हणाली.

"कोण?"

"बाबा. का म्हणायचे ते कधी कळलं नाही." तिने माझ्यावरून बोट फिरवले. मग स्वतःचा तळवा उघडून त्यावर नखाने दोनदा टकटक केली. "त्यांनी हात लावला की गाव उठून बसायचं."

"बसायचंच. न बसून सांगतात कुणाला."

पावणेपाच हसली, आणि मग तिला चष्मा काढून पुसावा लागला. "चाळीस वर्षं सापापायी नोकरी केली हो मी. नर्स होते. पहाटे पाचला सगळ्या वॉर्डाला उठवून थर्मामीटर लावायचे. शिव्या द्यायचे लोक."

"मग तीही घंटाच झाली की," कारकून बाई म्हणाली आणि वही काढायला उठली.

वहीत बिल्ल्यांची यादी होती. एकशे एकोणीस नग आणि त्यांच्यापुढे सह्या. बाईचे बोट शेवटच्या ओळीवर थांबले. तिने वही जराशी आपल्याकडे वळवली.

"वाचा," पावणेपाच म्हणाली.

"त्या वेळचे लोक कसंही लिहायचे, ताई."

"वाचा हो."

बाईने वाचले. "सदोष नग एक. कडी उलट. इतर कोणास देण्याजोगा नाही, सबब घंटेवाल्यास."

मित्रांनो, कारण सांगेन म्हटले होते, ते हे.

खोलीत पंखा फिरत होता. पावणेपाचने विचारले, "नाव नाही लिहिलं?"

"गावात एकच होता. नाव कशाला लिहितील."

"शेवटचा शब्द परत वाचा."

"घंटेवाल्यास."

"हं," पावणेपाच म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. तिने ते पाहिले, नाणेसरांच्या प्रमाणपत्राची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. रुग्णालयाच्या पाटीचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून ठेवा, हे तुम्हांला सगळेच सांगतात. मला चाळीस वर्षे मखमलीत ठेवले होते आणि दर महिन्याला पॉलिश होते. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात असे काही असेल तर ते टेबलावर ठेवा आणि एकदा समोरच्या बाजूला जाऊन बसा. त्याची गोष्ट ज्यांना माहीत आहे ती माणसे आहेत तोवर विचारून घ्या. आणि तुमच्याकडे सांगायला एखादा शब्द असेल तर तो पोरांना सांगून टाका, नळावरचे लोक हसले तरी. शब्द झाकला की पोरे शोधायला निघतात, आणि रस्ता दाखवायला बिल्ला असतो.

"घंटेचं काय झालं मग?" जाताना पावणेपाचने विचारले.

"आहे की. आवारात. गेटातून आत येताना डाव्या हाताला. तुम्ही तिच्यावरूनच आलात."

"आणि भोंगा?"

"तो कधीच बंद पडला. त्याचा बिल्ला काही कुणी काढला नाही."

आवारात कुंपणाशी हिरव्या रंगाने रंगवलेले काहीतरी मोठे, छातीइतके उंच उभे होते. त्यात तांबड्या फुलांची झाडे होती आणि एक माळी त्यांना नळीने पाणी घालत होता. घंटा उताणी करून विटांच्या कट्ट्यात बसवली होती. माझ्या अंगावर कडीमुळे जे झाले होते ते तिचे नगरपालिकेने केले होते.

"ही वाजते का हो?" पावणेपाचने विचारले.

"कुंडी?" माळी म्हणाला. "कुंडी कशी वाजेल, मावशी."

तिने डबीतून मला काढले. कडी खाली करून चिमटीत धरले, तिचे बाबा तळव्यावर सरळ ठेवायचे तसे. घंटा सरळ, दोरी सरळ, धूर वर. साठ वर्षे मी ज्या आवाजाचे चित्र होतो, तो आवाज माझ्यापासून वीतभर होता. तिच्यापासूनही तेवढाच. तिचा उजवा हात वर गेला.

तिने माझ्या काठाने घंटेला पाच टोल दिले. ठप्, ठप्, ठप्, ठप्, ठप्. माळी नळी बाजूला धरून थांबला होता. ती थांबल्यावर त्याने पुन्हा पाणी सोडले.

घंटेत माती भरलेली असली की ती वाजत नाही.